एका कुंडीत दोन पुदिने

फोन आला तेव्हा धाकटीचा उजवा हात एका अनोळखी कोटाच्या खिशात होता. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे आधी चाचपायचे, मग कॉलरच्या आत नंबरची कापडी पट्टी टाचायची, तोच नंबर पावतीवर घालायचा आणि मगच तो कपडा धुवायला आत जाऊ द्यायचा, हा तिचा बावीस वर्षांचा शिरस्ता. बावीस वर्षांत तिच्या हातून एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला नव्हता. या गोष्टीचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता. खरं म्हणजे अभिमान बाळगायला दुसरं काही फारसं हाताशीच नव्हतं. 'मावशी, कामात आहेस का?' बिट्टीनं विचारलं. बिट्टी म्हणजे ताईची मुलगी. एकतीस वर्षांची झाली, तलावावर लोकांच्या मुलांना पोहायला शिकवते, तरी बिट्टीच. धाकटी म्हणाली, 'तुझ्यासाठी कसलं आलंय काम?' आणि लगेच तिला वाटलं, हे जरा जास्तच गोड झालं. ताई गेल्यापासून सव्वा वर्षात आपण हिला चार फोनसुद्धा केले नाहीत. 'अगं, नव्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन छान येतं. म्हटलं आईच्या पुदिन्याची एक काडी लावावी. आहे ना गं तो? बाबा म्हणाले, कुंडी तुलाच दिली.' 'आहे की. नसायला काय झालं?' 'मग रविवारी येते. दुपारी.' फोन ठेवल्यावर धाकटीच्या लक्षात आलं, की ज्याचा कोट अजून आत भिजतोय त्या गिऱ्हाइकाला 'तयार आहे, संध्याकाळी न्या' असं ज्या आवाजात सांगायचं असतं, त्याच आवाजात आपण 'आहे की' म्हणालो. पुढचा नंबर तिनं कॉलरऐवजी बाहीला टाचला. मालकानं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, 'बाई, आज काय, हाताला दिसत नाही का?'

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत, तशीच गॅलरीत गेली. लांबट कुंडी कठड्याला लागून होती तिथेच होती, आणि तिच्यात पुदिना होता, काठोकाठ, हिरवागार, कुणालाही हेवा वाटावा असा. दर रविवारी शेंडे खुडून खुडून तिनं त्याला असा दाट केला होता की वरून बघताना माती दिसत नव्हती. ती उकिडवी बसली आणि डावीकडून उजवीकडे बघत गेली. मग उजवीकडून डावीकडे. एक पान खुडून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं, केवळ सवयीनं, कारण तीन वर्षांपूर्वीच्या एका तापात तिचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. ताप उतरला, खोकला गेला, पण वास म्हणून काही राहिला नाही. मालकाला मात्र या गोष्टीचा आनंदच झाला होता. 'तुमचं बरं आहे बाई,' असं म्हणत त्यानं जिममधल्या पोरांच्या पिशव्या तिच्याकडे लावून दिल्या होत्या. तीही हसली होती. कुणाला सांगणार? घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि जिला सांगितलं असतं ती ताई तेव्हा तिच्याशी बोलत नव्हती.

मोठी असते म्हणून कुणी तरी धाकटी असते. तिचं खरं नाव पावतीबुकावर आणि विजेच्या बिलावर होतं, पण घरात, चाळिशी गेली, पन्नाशी गेली, केस पिकले, तरी ती धाकटीच होती. आता मोठी गेल्यावर ती कुणाची धाकटी, हा प्रश्न तिला कधी कधी भांडी विसळताना पडायचा आणि तिचं तिलाच हसू यायचं. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही याचं कारण एके काळी होतं, मग ते जुनं झालं, मग आईला सांभाळायचं हेच कारण होऊन बसलं. आईची खोली, आईचं कपाट, आईची गॅलरी, आईचा पुदिना, सगळं कुणी न ठरवता तिच्याकडे आलं. पुदिन्याचं सगळं तिला आईनंच शिकवलं होतं. शेंडा खुडायचा तो जिथे दोन पानं समोरासमोर फुटतात त्या पेराच्या जरा वर, म्हणजे एकाचे दोन होतात. फूल येऊ द्यायचं नाही. पाणी घालण्याआधी माती बोटानं बघायची, डोळ्यानं नाही. दोन वर्षांनी कुंडी उलटी करायची, मुळांचा गठ्ठा सुरीनं कापायचा, आणि मधला थकलेला भाग टाकून कडेचा लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुदिन्याला एकट्याला ठेवायचं. तो मातीखालून हातपाय पसरतो, शेजारी कोण आहे ते बघत नाही, आणि दोन जातीचे पुदिने एकत्र लावले तर वर्षभरात एकच उरतो. हे धाकटीनं आख्ख्या इमारतीला ऐकवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईनं कढीपत्त्याशेजारी पुदिना लावला तेव्हा तिनं तिला जिन्यात गाठून अर्धा तास झाडलं होतं.

आणि तरीही ताईचा पुदिना तिनं आपल्या हातानं आईच्या पुदिन्याशेजारी लावला होता. चुकून नव्हे. माहीत असून. ताईच्या पुदिन्याचा वाण वेगळा होता. तो तिनं लग्नानंतर कुठून तरी आणला होता, आणि त्याला म्हणे लिंबाच्या सालीसारखा वास यायचा. 'म्हणे' असं धाकटीला आता म्हणावं लागत होतं, कारण तिनंही तो वास शेकडो वेळा घेतला असला तरी आता तिच्याकडे फक्त 'लिंबाची साल' हे दोन शब्द उरले होते. शब्द कितीही हुंगला तरी शब्दच. ताई गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी भाऊजी कुंडी घेऊन दारात उभे राहिले. माणूस अर्धा झाला होता. म्हणाले, 'माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. तुझा हात चांगला आहे.' ते गेल्यावर ती बराच वेळ त्या कुंडीकडे बघत बसली. मग उठली, लांबट कुंडी आणली, डाव्या अर्ध्या भागात ताईचा पुदिना लावला, उजव्या अर्ध्या भागात आईचा, म्हणजे आता आपला, आणि मध्ये काहीही घातलं नाही. फरशीचा तुकडा उभा घालता आला असता. तुकडा तिथेच कोपऱ्यात पडलेलाही होता. तो तिनं हातात घेतला होता, आणि परत ठेवला होता. आता तरी मध्ये काही नको, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. बावीस वर्षं लोकांच्या बनियनलासुद्धा नंबर टाचणाऱ्या बाईनं त्या दिवशी दोन्हीकडे साधी चिठ्ठीसुद्धा लावली नाही.

दोघी बहिणींच्या मध्ये काय होतं, ते तिला पाठ होतं. आई शेवटच्या आजारात ज्या दवाखान्यात होती तिथे एका पेशंटजवळ एकच माणूस असा नियम होता, आणि त्या एका माणसाला गळ्यात घालायला दोरीचा पास मिळायचा. अकरा दिवस तो पास धाकटीच्या गळ्यात होता. ताई रोज यायची, खालच्या बाकावर बसायची, निरोप पाठवायची, 'दोन तास तरी मला वर जाऊ दे.' आणि धाकटी जिन्यावरून अर्ध्यापर्यंत खाली येऊन सांगायची, 'आत्ताच डोळा लागलाय तिचा.' किंवा, 'डॉक्टर येतील एवढ्यात, औषधांचं सगळं मलाच माहीत आहे.' किंवा, 'तू घरी जा ना, तुला घर आहे.' यातलं एकही खोटं नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. बाराव्या दिवशी पहाटे आई गेली तेव्हा पास धाकटीच्याच गळ्यात होता. ताई जिन्यात भेटली. रडली नाही. नुसती त्या पासाकडे बघत म्हणाली, 'तुझ्याशेजारी जो बसतो ना, त्याची जागा अर्धी होते गं. तुला कळतसुद्धा नाही.' मग दोन वर्षं काही नाही. चार बसथांब्यांचं अंतर आणि दोन वर्षं. पुढे ताई आजारी पडली, तेव्हा तिनं भाऊजींना बजावलं, 'धाकटीला कळवू नका. ती इथे येऊन बसेल, मग तुम्हाला उभं राहावं लागेल.' हे भाऊजींनी नंतर सांगितलं, सांगताना हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी कळवलं ते अगदी शेवटी. धाकटी पोचली तेव्हा ताई झोपेत होती. त्या झोपेतून ती उठली नाही.

शनिवारी लाँड्रीत तिनं मनाशी दहा वेळा ठरवलं, की डाव्या टोकाची एक काडी कापून द्यायची आणि गप्प बसायचं. डावीकडची आहे, म्हणजे ताईचीच. सुरुवातीला तर फरक दिसायचा. ताईची पानं जरा गोल होती, आईची टोकदार. पहिले दोन-तीन महिने खुडताना तिला मधली रेघसुद्धा दिसायची. मग एका रविवारी रेघ जरा डावीकडे सरकल्यासारखी वाटली, पण तेव्हा ऊन तिरपं होतं. मग केव्हातरी ती रेघ शोधायचं तिनं सोडून दिलं, आणि शेंडे तेवढे खुडत राहिली. बघायचं नसलं की माणसाला ऊन तिरपं सापडतंच.

रविवारी बिट्टी आली, केस ओले, खांद्यावर पिशवी, दारातूनच मोठ्यानं बोलत. 'किती जिने गं मावशी तुझे! लिफ्ट बंद, आणि बंद असल्याची पाटी तिसऱ्या मजल्यावर!' पाणी प्यायली आणि सरळ गॅलरीत गेली. 'बापरे, जंगल केलंस की. आईचा कुठला?' 'तो डावीकडचा.' बिट्टी गुडघ्यावर बसली. डाव्या टोकाचं पान चोळून तिनं नाकाशी धरलं आणि थांबली. दुसरं पान चोळलं. मग जरा मधलं. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि बिट्टीच्या पाठीकडे बघत होती. ताईची पाठ अशीच होती, खांद्याशी रुंद. बिट्टी एकेक पान हुंगत उजव्या टोकापर्यंत गेली, मग परत डावीकडे आली, आणि वळून न बघताच म्हणाली, 'मावशी, हा सगळा तुझाच आहे.' 'नीट बघ.' 'नीटच बघतेय. तुला नाही का कळत? आईचा असा कुठे होता? लिंबाच्या सालीसारखा…' 'मला वास येत नाही,' धाकटी म्हणाली. 'म्हणजे?' 'म्हणजे येत नाही. कशाचाच. तीन वर्षं झाली.' बिट्टी वळली. 'आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?' 'कुणाला सांगू? माझं नाक गेलं म्हणून भोंगा लावू?' बिट्टीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. 'दोन्ही एकत्र लावलेस? तू?' ती म्हणाली. 'तू तर मी आठ वर्षांची असताना मला ओरडली होतीस, मी नुसती काडी खोवली होती तुझ्या कुंडीत!' धाकटीनं नुसती मान हलवून हो म्हटलं. बिट्टीचे डोळे भरून आले. ते रागानं भरले होते की दुःखानं, हे तिचं तिलाही कळलं नसावं. 'आईचं दुसरं काही राहिलं नव्हतं गं हिरवं,' ती म्हणाली. 'कपडे बाबांनी वाटले. मला हे एवढंच हवं होतं.'

तेव्हा धाकटीनं जे केलं ते विचार करून केलं नाही. तिनं आतून जुनी चादर आणली, गॅलरीत पसरली, कुंडी आडवी केली आणि तळाला चार थपडा मारून सगळा गठ्ठा बाहेर ओढला. मुळांचा तो गठ्ठा हुबेहूब कुंडीच्या आकाराचा होता, नमद्यासारखा घट्ट, माती नावाला. 'वर गेलं असेल,' ती म्हणाली, 'खाली असेल. पुदिना वरून मरतो, खालून मरत नाही एवढ्यात.' दोघी समोरासमोर बसल्या. धाकटीनं सुरीनं डाव्या कोपऱ्याचा तळ कापून काढला आणि पाण्याच्या बादलीत हलवून हलवून मोकळा केला. पांढरी, जाड, भरभरून पसरलेली मुळं तिच्या स्वतःच्या पुदिन्याची होती. त्याबद्दल तिला शंका नव्हती. त्यांच्यामध्ये कुठे कुठे तपकिरी, बारीक, जुनी, सुतळीच्या तुकड्यासारखी मुळं अडकली होती. ती तिनं एकेक करून सोडवली. केसांतला गुंता काढतात तशी, मुळाशी धरून, ओढ न देता. सव्वीस तुकडे निघाले. त्यांतल्या कशाला पान नव्हतं, वास नव्हता; बिट्टीनं नाकाशी नेले तर नुसती माती. 'यांतला एखादा तिचा असेल,' धाकटी म्हणाली. 'किंवा सगळे माझेच असतील. फुटल्याशिवाय कळायचं नाही.' कागदी कपांना बुडाशी भोकं पाडून त्यांत ते तुकडे लावले. सोमवारी लाँड्रीतून तिनं नंबरच्या पट्ट्या आणल्या आणि प्रत्येक कपाला एकेक टाचली, तीनशे सत्त्याऐंशीपासून चारशे बारापर्यंत. मालक म्हणाला, 'कुणाचे कपडे एवढे?' ती म्हणाली, 'बहिणीचे.'

मग रविवार सुरू झाले. दुसऱ्या रविवारी सात कप फुटले होते. बिट्टीनं कोवळं पान चोळून हुंगलं आणि मान हलवली, नाही, नाही, हेही नाही, आणि जे नाही ठरले ते शिंपीणबाईला देऊन टाकले. तिनं ते बेधडक कढीपत्त्याशेजारी लावले. तिसऱ्या रविवारी पाच. त्या दिवशी बिट्टी जेवायला थांबली आणि म्हणाली, 'मावशी, मीठ?' तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की आपण चवीचं बघायचंच सोडलंय. चौथ्या रविवारी बिट्टीनं येताना आपले उसवलेले कपडे शिवून घ्यायला आणले. पाचव्या रविवारी कपांकडे जायच्या आधी दोघी तासभर नुसत्या बोलत बसल्या. बिट्टी म्हणाली, 'तुला माहितेय, आई तुझी नक्कल करायची.' 'कधी?' 'तेव्हाच. तुम्ही बोलत नव्हतात तेव्हा. रोज सकाळी पाणी घालताना.' बिट्टी उठली, कंबरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि म्हणाली, 'अगं, माती आधी बोटानं बघायची, बोटानं! देवानं बोटं काय अंगठ्या घालायला दिलीत?' आवाज धाकटीचा होता, पण धाकटीचा ताईनं केलेला. जरा वरच्या पट्टीतला, शेवटच्या शब्दावर रेंगाळणारा. धाकटी पोट धरून हसली. इतकी हसली की तिला बसावं लागलं, आणि मग ते हसू थांबवायचं कसं ते तिला कळेना. दोन वर्षं. दोन वर्षं रोज सकाळी त्या घरात आपण होतो. ताई रोज आपली नक्कल काढत होती, आणि आपण इथे फोनकडे बघत बसलो होतो. बिट्टी घाबरून म्हणाली, 'अगं, मी उगीच सांगितलं का?' धाकटी म्हणाली, 'परत कर.'

सहाव्या रविवारी आणखी सात कप फुटले, आणि नाही ठरले. सातव्याला पाच. एक पाणी जास्त होऊन कुजला. उरला एक, चारशे बारा. त्याच्यातलं मूळ सगळ्यांत बारीक होतं, धाकटीला आठवत होतं. लावताना तिला वाटलं होतं, हे कसलं जगतंय. बिट्टी कपात डोकावून म्हणाली, 'याच्यावर सगळं आहे आता,' आणि बोट लावून माती बघितली. तिच्या आईनं बघितली असती तशीच.

चारशे बाराला मंगळवारी सकाळी फुटवा आला. तांदळाच्या कणीएवढा, जांभळट. धाकटी कामावर निघाली होती, डबा हातात होता. ती वाकून बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, क्षणभर. मग तिच्या डोक्यात हिशेब नव्हे, एक साधं चित्र आलं. हा रविवारपर्यंत पानावर येईल. बिट्टी पान चोळेल. नाही म्हणाली, तर संपलंच. ताई गेली, ती आता मातीखालूनही गेली, आणि आपणच तिला घालवलं. हो म्हणाली, तर कप उचलेल, 'थँक यू मावशी' म्हणेल आणि आपल्या उन्हाच्या खिडकीत घेऊन जाईल. दोन्हीकडून जिन्यावरून उतरत जाणारी पावलंच ऐकू येत होती. मग नववा रविवार कशासाठी? आणि त्याच्या पुढचा? तिच्या अंगठ्यानं आणि बोटानं जे आयुष्यभर केलं होतं तेच केलं. फुटवा मातीलगत खुडला. इतकं सहज झालं, की बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, खुडला की नाही आपण? नखाखाली हिरवं होतं.

रविवारी तिनं सांगितलं, 'अजून नाही आला.' बिट्टी म्हणाली, 'येईल,' आणि संध्याकाळपर्यंत थांबली. त्यानंतरच्या गुरुवारी दुसरा आला, जरा फिका. तोही तिनं खुडला. तिसरा यायला बारा दिवस लागले. तो खुडताना तिला नीट माहीत होतं आपण काय करतोय. पान उघडलं की ते मुळाला पोसतं; पान उघडायच्या आत खुडलं तर मूळ आपलंच खाऊन दुसरा काढतं, मग तिसरा, आणि मग त्याच्याकडे काढायला काही उरत नाही. एकाचे दोन होतात ते शेंड्याचे. असे बुडापासून घेतले तर एकाचं शून्यच होतं. हे ती शिंपीणबाईला जिन्यात उभं राहून समजावून सांगू शकली असती. तिसऱ्या खेपेला तिनं ती कणी जिभेवर ठेवली. लिंबाची साल असेल तर कळेल, एवढं तरी कळावं. जिभेला फक्त गार लागलं. तिचाही पुदिना गारच लागायचा. तेवढ्यानं काय ठरणार? त्या दिवशी लाँड्रीत तिनं एका बाईचा कोट दुसऱ्या बाईला दिला. ती बाई दारातून परत आली आणि हसत म्हणाली, 'हा माझा नाही हो, माझा एवढा चांगला कुठे आहे?' बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालकानं नुसता पंखा तिच्याकडे वळवला.

चौथा आला तो रविवारीच. शनिवारी संध्याकाळी माती सपाट होती, आणि सकाळी तिथे दोराएवढा फुटवा होता, पांढरट. त्याला घाई झाली असावी, कारण त्यानं मातीबाहेर येता येताच दोन पानं उघडली होती, मुंगीच्या कानाएवढी. मुंगीला कान असतात का कोण जाणे. धाकटी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. हा राहू द्यायचा, असं तिनं ठरवलं. आंघोळ केली, भात टाकला, परत येऊन बसली. पानं गोल होती का? कोवळेपणी सगळीच गोल असतात. ताई, तू असशील तर आहेस म्हण, असं ती मनात म्हणाली, आणि ताईच्याच आवाजात उत्तर आलं, मी कशाला म्हणू, तू सरक जरा. बारा वाजले. साडेबारा. खाली जिन्यात बिट्टीचा आवाज ऐकू आला. ती शिंपीणबाईशी काहीतरी हसून बोलत होती. मग पावलं. एकेक पायरी. ती वर येत होती, आणि धाकटीला मात्र ती उतरतानाच ऐकू येत होती. बेल वाजली. फुटवा तिच्या चिमटीत होता. केव्हा आला ते तिला समजलं नाही. टाकायला वेळ नव्हता. तिनं तो तोंडात टाकला आणि दार उघडलं.

'आला का आमचा चारशे बारा?' बिट्टीनं विचारलं. धाकटीनं नाही म्हणून मान हलवली. बिट्टी गॅलरीत गेली, वाकली, कप उचलून उजेडाकडे धरला, मातीवर बोट ठेवलं. खूप वेळ. मग कप खाली ठेवला, जपून, पट्टीचा नंबर समोर येईल असा. 'नाही यायचा हा आता,' ती म्हणाली. 'जाऊ दे. मीच वेडी. आई असती तर म्हणाली असती, सव्वीस कप मांडलेत, पाणपोई काढताय का?' ती उठली, हात झटकले, आणि धाकटीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. 'एक सांगू? पहिले दोन-तीन रविवार मी त्या कपांसाठी आले, खरंच. नंतर नाही गं. परवा बाबा विचारत होते, अजून कप संपले नाहीत का? मी म्हटलं, कप गेले चुलीत, मी मावशीकडे जाते. हा फुटला असता, नसता फुटला, मी येणारच होते.' धाकटीच्या जिभेखाली गार होतं. त्या मुळाकडे जे काही शिल्लक होतं ते सगळं आता तिथे होतं, दोन पानांसकट, चावलेलं नव्हतं अजून. बिट्टीचा चेहरा वीतभर अंतरावर होता. तोंड उघडून नुसतं 'हो का' म्हटलं असतं, तरी बिट्टीला वासावरून कळलं असतं. कुणाचा होता ते. आणि काय केलं ते. 'काय गं मावशी?' बिट्टी म्हणाली. 'बोल की. तोंडात काय धरून बसलीस?'

धाकटीनं ओठ मिटलेले ठेवले आणि गिळलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ती एक पेला पाणी प्यायली, आणि त्याच्यावर आणखी एक, आणि नळ चालूच ठेवून, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, 'काही नाही गं. बस तू. आलेच.'